रेघ कुणी खाली आणली?

आमच्या गल्लीत रंगकाम म्हणजे पेंटरवहिनी. नाकावर माशी बसू देणार नाहीत, आणि बसलीच तर तिलाही रंगाचे दोन हात मारतील. त्यांनी रंगवलेल्या लोखंडी कपाटात तोंड बघून माणसं भांग पाडतात. "नख लावलंत तर बोट कापीन," हे त्यांचं काम संपल्यावरचं आभारप्रदर्शन.

पूर पूर्वी जन्मात एकदा यायचा. आता हवाच अशी फिरलीय की तो हक्काच्या जावयासारखा न बोलावता येतो आणि दर खेपेला थोडा वर चढतो. सर्वांत मोठा पूर ओसरला तेव्हा वहिनींनी गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर निळी रेघ ओढली. पाणी इथवर आलं होतं, हे नव्या माणसाला कळावं म्हणून.

मग भिंतीचा गिलावा पडला. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. परतल्या तोवर गिलावा नवा आणि त्यावर रेघही नवी. रिक्षातून उतरल्या उतरल्या त्या कडाडल्या, "ही रेघ कुणी खाली आणली?"

कबूल कोण करतोय! शिंपी म्हणाला, पाणी गळ्याशी होतं. चहावाला म्हणाला, कमरेशी. शिंपी बुटका, चहावाला ताडमाड, त्यामुळे दोघंही खरं बोलत असावेत. शेवटी शिंपीण म्हणाली, "वहिनी, आजी झालात आता. विसरायला होतंच."

ते वहिनींना झोंबलं. शब्द त्यांचा खोटा पडत होता, आणि तेवढंच नव्हतं. गल्लीच्या टोकाला त्यांच्या धाकट्या दिराचं घर. त्याला गिऱ्हाईक आलं होतं, नवरा-बायको आणि कडेवर तान्हं बाळ. बाई खालच्या खोलीत बोट दाखवून म्हणत होती, "पाळणा इथे. पाणी काही एवढं वर येत नाही, रेघ बघितली ना आपण!"

मी गल्लीचा बिनपगारी गुप्तहेर. चहावाल्याच्या बाकड्यावर निळा डाग दिसताच, चोर सापडला म्हणत मी वहिनींना गाठलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रेघेचं टोक किंचित वळलं होतं, तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"काका, हा हात मी ओळखते."

"कुणाचा?"

"त्याचं नाव तोच सांगेल."

मला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी स्वतःचं कपाट रस्त्यावर ओढलं, रंग खरवडायची पत्र्याची पट्टी घेतली आणि त्या आरशासारख्या रंगावर वरून खाली मारली. रंगाखाली तळापासून गंजाचे खड्डे होते, आणि एका उंचीवर ते थांबले होते.

"पुरात भिजलेली तुमची सगळी कपाटं मीच खड्डे भरून रंगवलीत," वहिनी म्हणाल्या. "गंज झाकता येतो, पुसता येत नाही. आणा आपापली!"

आमची गल्ली ताटासारखी सपाट, उंबरेही रस्त्याला टेकलेले. कपाटं फोटोला उभी राहिल्यासारखी ओळीत लागली. आमच्या कपाटातून मी लपवलेली तपकिरीची डबीही बाहेर पडली. पण तिचा तपास बायकोने वेगळा केला. वहिनींनी एकेकाचा रंग खरवडला, शिंप्याने भिंतीपर्यंत दोरी ताणली. सगळ्यांचा गंज दोरीला टेकलेला, आणि दोरी भिंतीवरच्या रेघेपेक्षा हातभर वर!

तेवढ्यात टोकाचं दार उघडलं. दीर घामाघूम होऊन एकटाच कपाट ढकलत येत होता. त्याने वहिनींच्या हातातली पट्टी घेतली आणि स्वतःच रंग खरवडला. गंज बरोबर दोरीपाशी थांबला.

"वहिनी, रेघ मी काढली. घर विकलं जात नव्हतं."

"ठाऊक होतं, भावजी. मीच शिकवलेला हात. शेवटी मनगट वळवता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर कपाट आणलं असतंत?"

घर पक्कं करायला आलेली ती बाळाची आई गर्दीतच उभी होती; दीर तिच्याकडे वळला. "ताई, पाळणा इथे नको." तिने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि मान डोलावली. घर विकायचं तसंच राहिलं.

वहिनींनी ब्रश निळ्या रंगात बुडवून दिराच्या हातात दिला. "खांद्यातून ओढा."

भिंतीवर दोरीच्या उंचीला रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. वहिनींनी मान तिरकी करून पाहिलं. "बरी आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याकडचं सुवर्णपदक.

कपाटं पुन्हा फुकट रंगवून देते म्हणाल्या. एकानेही दिलं नाही. घरी पाहुणा आला की आम्ही आधी तो गंजाचा पट्टा दाखवतो. शिंपीण तर पाहुण्याचा हात पुढे होण्याआधीच बजावते, "नख लावू नका हो, आमच्या वहिनींचं काम आहे!"