दोघांची ग्रुप टूर

माणूस एकट्याने कुठे जाऊ शकतो, यावर आमच्या सहलप्रमुखांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. ही पदवी त्यांची त्यांनीच घेतलेली. इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर ते एकटे राहायचे, दिवसभर रास अल खोरच्या एका गोदामात खोकी मोजायचे आणि संध्याकाळी माणसं गोळा करायचे. खाली जाऊन कोथिंबीर आणायची तरी त्यांना दोघं-तिघं बरोबर लागत. लिफ्टचं दार पायाने अडवून म्हणायचे, "थांबा हो, अजून दोन माणसं येऊ देत, रिकामी कशाला न्यायची?" एकदा माझी मुलगी पाव आणायला निघाली, तर हे तिच्याबरोबर निघाले, वाटेत आणखी दोन पोरं धरली आणि शिट्टी वाजवत सगळ्यांना रस्ता ओलांडून नेलं. मुलगी घरी येऊन वैतागली, "बाबा, इट वॉज जस्ट ब्रेड!" हत्ता, खोर फक्कान, सगळीकडे त्यांनी बिल्डिंग हिंडवली. त्यांच्या सहलीत मजा यायची. फक्त ती त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच यायला हवी, अशी अट असे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी भूमध्य समुद्राला हात घातला. अलेक्झांड्रिया! चार रात्री, समुद्रकिनाऱ्याचं हॉटेल, सगळी बिल्डिंग 'हो' म्हणाली. मग कुणाचे सासू-सासरे आले, कुणाची रजा नामंजूर झाली, कुणी नुसतंच "पुढच्या वेळी, इन्शाल्ला" म्हणालं. माझी बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या होत्या. रिकाम्या घरात बसण्यापेक्षा गेलेलं बरं, म्हणून मी बॅग उचलली. विमानतळावर पोचलो तर सहलप्रमुख पिवळा झेंडा धरून उभे. आसपास ओळखीचं कुणी नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाले, "सगळे आले. यल्ला, चला!"

अलेक्झांड्रियाला उतरल्यावर आम्हाला न्यायला अठरा जणांची बस आली. ड्रायव्हरने आमच्या मागे वाकून पाहिलं. "वेअर ग्रुप?" "धिस ग्रुप," सहलप्रमुख ठणकावून म्हणाले. बसमध्ये त्यांनी मला चौथ्या रांगेत बसवलं, आज खिडकी तुमची, उद्या बदली, असं बजावलं आणि स्वतः पुढे माइक घेऊन उभे राहिले. "मागच्यांना ऐकू येतंय का?" मी मागे वळून पाहिलं. मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या. शेवटी मीच उठून शेवटच्या रांगेत गेलो आणि "येतंय!" म्हणून ओरडलो. त्यांचा चेहरा इतका खुलला, की पुढचे तीन दिवस मी मागेच बसलो. तिथल्या किल्ल्याच्या दाराशी त्यांनी मला "फॅमिलीवाल्यांनी आधी" म्हणून पुढे काढलं. रात्री हॉटेलात अंताक्षरी झाली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते, आणि पंचही तेच. जिंकवलं मला, आणि वर स्वतःबद्दल म्हणाले, "पाहुण्या टीमने चांगली लढत दिली."

तिसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमात 'फ्री टाइम' होता. समुद्राच्या भिंतीजवळच्या एका पुतळ्यापाशी त्यांनी मला सोडलं. "अंधार पडायच्या आत इथेच जमायचं. हरवायचं नाही." मी खुशीत निघालो. मासळी बाजार पाहिला, ट्राम पाहिली, गल्ल्यांमधून भटकलो आणि फिरून फिरून नेमका त्या पुतळ्यासमोरच्या चहाच्या दुकानात येऊन बसलो. काचेतून सहज बाहेर पाहिलं. सहलप्रमुख तिथेच उभे होते. वारा असा, की शर्ट अंगाला चिकटलेला. एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे. म्हटलं, आता जातील, कुठेतरी बसतील. ते हलले नाहीत. माझा चहा निम्मा राहिला. मी उठून पलीकडे गेलो.

"अहो, तुम्ही कुठेच गेला नाहीत?"

"फ्री टाइम ग्रुपला असतो. प्रमुखाला नाही. कुणी लवकर आलं तर?"

"मी एकटाच तर होतो."

"मग? आलात की लवकर."

आम्ही भिंतीवर बसलो. खाली लाटा खडकांवर आपटत होत्या. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "जूनमध्ये मी चाललो. कायमचा. चिपळूणला."

"म्हणजे घरी! वहिनी, मुलं..."

"हो. सगळी आहेत. चांगली आहेत. मी रजेवर जातो ना, तेव्हा माझ्यासाठी जेवायला निराळं ताट काढतात, पाहुण्याला काढतात तसं. त्यांना माझ्याशिवायची सवय झालीय. त्यांचा काय दोष? मीच सवय लावली." मग घाईघाईने म्हणाले, "बिल्डिंगमध्ये बोलू नका हं. सेंड-ऑफ ठरवतील आणि मग कुणाला जमायचं नाही."

समोर मासेमारीच्या होड्या बंदराकडे परतत होत्या. शेवटची होडी आत गेल्यावर मी विचारलं, "आता कुठे जायचं?"

मला वाटलं, खिशातून कार्यक्रमाचा कागद निघेल. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा."

मला त्या शहरातलं काय ठाऊक! जिकडे दिवे लागले होते तिकडे बोट दाखवलं आणि आम्ही निघालो. रस्त्यावर गाड्या सुसाट होत्या. ओलांडताना त्यांनी माझ्या बाहीचं टोक धरलं, आणि पलीकडे पोचल्यावरही बराच वेळ सोडलं नाही.