शांताक्काचे टेलिफोनचे शब्द

गेल्या महिन्यात चिटगुप्प्याहून शांताक्काच्या भाच्याचा फोन आला. "अक्का गेली... सकाळी चहा मागितला, आणून देईपर्यंत..." मी घरात लगेच कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर ती माझी कोण, हे आधी सांगावं लागलं असतं.

निजामी संपली होती, हैद्राबाद राज्य होतं, त्या वर्षांतली गोष्ट. मी मादन हिप्परग्याची, लग्न होऊन गुलबर्ग्याला आले. सासऱ्यांची तूरडाळीची गिरणी होती. त्यांनी दुकान, गोदाम, गिरणी आणि घर जोडणारा टेलिफोनचा बोर्ड दुकानात बसवला आणि तो सांभाळायला शांताक्काला ठेवलं. लवकर विधवा झालेली, मावशीकडे राहून मॅट्रिक झालेली बाई. बाहेरची लाईन एकच; ती कुणाला जोडायची ते अक्काच्या हातात. बोर्डाचे शब्द सगळे इंग्रजी, आणि बसवणारा ते समजावायचा उर्दूत. गिरणीतल्या माणसांना काही उमजेना. मग अक्कानं आपलेच शब्द केले. एक्स्टेन्शन म्हणजे 'फाटा', ट्रंक कॉल म्हणजे 'परगावचा'. आणि लाईन न तोडता माणसाला थांबवून ठेवणं, ज्याला होल्ड म्हणतात, ते तिचं 'उंबऱ्यावर'. हमालांना सांगायची, "आत घेतलं न्हाई, हाकललं बी न्हाई. मग माणूस कुठं हाय? उंबऱ्यावर."

घरच्या फाट्याला आम्ही बायका आपणहून हात लावत नव्हतो. दुपारी दुकान निवांत असलं की अक्का मुद्दाम घंटी वाजवायची. "गौरा, काय करायलीस?" मी पदर सावरून उभ्यानं बोलायची. सासरी मला नावानं हाक मारणारी ती एकटीच.

मला दिवस भरत आले आणि आई सोलापूरच्या दवाखान्यात पडली. प्रवासाची मला मनाई. एका सकाळी घंटी वाजली. "गौरा, परगावचा हाय... तुझी आई हाय. सावकाश बोल." भावानं आईला डॉक्टरांच्या खोलीत आणून बसवलं होतं. आवाज अगदी बारीक झालेला. "काय खावंसं वाटायलंय ग?" मी म्हटलं, "तुझ्या हातची हुग्गी." आई हसली. मग गव्हाची ती खीर कशी करायची ते सांगत बसली.

त्याच वेळी गिरणीच्या फाट्यावर सासरे आले होते. हे मला दुकानातल्या मुनिमांनी नंतर सांगितलं.

"शांता, लाईन दे. हैद्राबादचा भाव निघाला असंल."

"गौराची आई बोलायलीय, अप्पा. तुम्ही जरा उंबऱ्यावर थांबा."

"कामून? दुकान कुणाचं हाय?"

"तुमचंच. पण त्या माउलीला पुन्हा बोलायला जमंल असं मला वाटंना."

सासरे तसेच उंबऱ्यावर थांबले. फोन त्यांनी ठेवला नाही. अक्कानं सोलापूरच्या ऑपरेटरला विनवून वेळ वाढवून घेतला.

आई त्याच आठवड्यात गेली. सासरे पुढं बरेच दिवस अक्काशी मुनिमांमार्फतच बोलत. तिची नोकरी गेलीच असं आम्ही धरून चाललो होतो. मग मला मुलगी झाली. त्या दिवशी गिरणीतून सासऱ्यांचा फोन बोर्डावर आला, "शांता, व्यापारी असतील तर राहू दे उंबऱ्यावर. आधी माझ्या नातीचं रडणं ऐकव."

राज्य मोडलं, पुढं गिरणीही विकली गेली, अक्का भाच्याकडे राहायला गेली. तिचा फोन मात्र येत राहिला. बोलणं संपलं तरी ती आधी कधी ठेवायची नाही. "तू ठेव, मग मी," म्हणायची. आता मुलीशी बोलून झालं, तिकडून तिनं ठेवलं, तरी रिसीव्हर माझ्या कानाला तसाच राहतो... मी आधी ठेवावं म्हणून अजून कुणीतरी थांबलंय असं वाटतं, आणि ठेववत नाही.