विडीवाल्या बायकांचा दुपारचा वर्ग

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मैत्रिणी जमल्या की किस्से विचारतात ते त्या दोन वर्षांच्या दुपारच्या वर्गाचेच. एक सांगायला घ्यावा तर त्याला धरून दुसरा येतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिक रोडच्या एका वस्तीत, बुद्धविहारात, विड्या वळणाऱ्या बायकांसाठी साक्षरता वर्ग निघाला आणि शिकवायला मी. वय बावीस, नुकतीच डी.एड. झालेली.

पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मी म्हटलं, सुपं बाजूला ठेवा, पाट्या घ्या. कोणी हललं नाही. साठीच्या कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, डोळे आन् कान तुमचे. हात तेवढे कारखान्याचे हायेत."

मग आम्ही आधी वाचायलाच शिकलो. पाटी शेवटची दहा मिनिटं.

*

पुस्तकातला पहिला धडा 'कमळ'. त्यात एकीचाही जीव रमेना. शेवटी विचारलं, तुम्हाला वाचायचंय तरी काय? द्रौपदा म्हणाली, बसची पाटी. आजारी बहिणीला भेटायला ती नाशकातल्या द्वारका नाक्याला निघाली होती आणि चुकीच्या बसनं उलट्या दिशेला थेट सिन्नरला पोचली होती. दुसऱ्याच दिवशी मी फळ्यावर 'द्वारका' लिहिलं.

पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. सुरुवातीलाच जोडाक्षर बघून चपापले. द्रौपदाला विचारलं, "अ आ इ ई येतं का?"

"नाय साहेब. आमी अजून द्वारकेपर्यंतच आलोय."

*

द्रौपदाच्या नवऱ्याला हे शिकणं पसंत नव्हतं. बायकोवर नजर ठेवायला तो रोज खिडकीबाहेर उभा राही. महिनाभरानं मी फळ्यावर 'भाकरी' लिहून विचारलं, हे काय? बायका अक्षरं जुळवत होत्या. खिडकीतून आवाज आला, "भाकरी."

सगळ्या वळल्या, तर तो खाली वाकून चप्पल शोधत होता. दुसऱ्या दिवशी द्रौपदानं घरून एक जास्तीची पाटी आणली आणि खिडकीतून बाहेर दिली.

*

कौसाबाईंचा एकुलता मुलगा भिलईला नोकरीला. त्याची पत्रं शेजारचे मोरेभाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले, वाचून दाखवायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी यायचं, 'आई, तुझ्या हातच्या जेवणाची लय आठवण येते.' ते वाक्य स्वतः वाचायचं, म्हणून तर कौसाबाई वर्गाला आल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी त्या एक डबा घेऊन आल्या. आत सात-आठ पत्रं. बोट ठेवून त्यांनी एकेक वाचलं. तब्येत बरी आहे. काम चालू आहे. पत्र पाठव. बोट शेवटच्या ओळीला पोचायचं, मग त्या पत्र उलटून मागं बघायच्या. ते वाक्य एकाही पत्रात नव्हतं.

त्यांनी पत्रं नीट घडी घालून डब्यात ठेवली आणि सूप मांडीवर ओढलं.

पुढच्या महिन्यात नवं पत्र आलं. वर्गाला जाताना मी पाहिलं, कौसाबाई ते घेऊन मोरेभाऊंच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आता तुम्हाला वाचता येतं ना?"

"येतं की," त्या म्हणाल्या. "पन भाऊंना लय चांगलं वाचता येतं."