रूळ नसलेलं फाटक

वेल्समध्ये लेकीच्या गावात जुनं रेल्वे फाटक आहे. रूळ केव्हाच उपटले, आता तिथे गवतच आहे. तरी गावची माणसं ओलांडण्याआधी फाटकाच्या लोखंडी खांबाला हात लावून थांबतात, देवळाच्या पायरीला लावावा तसा.

"रूळ नाहीत, मग गाडी काय आभाळातून येणार?" मी म्हणाले. लेकीने ते शेजारच्या म्हाताऱ्या ग्वेनला सांगितलं.

ग्वेन हसली नाही. म्हणाली, वाफेच्या गाड्यांच्या काळात खाणीवरचे कोळशाचे डबे सुटायचे आणि इंजिनाशिवाय, शिट्टीशिवाय उतारावरून यायचे. आधी खांब थरथरायचा. "माझ्या पणजीलाही सगळे म्हणाले, आत्ता कुठली गाडी? ती हात न लावताच ओलांडायला गेली, ती गेलीच."

भूतंखेतं मी मानत नाही. मेलेलं माणूस मेलं. त्याची भीती कुठे जाते, ते मात्र ठाऊक नाही.

काल धुकं होतं, वारा पडलेला. लेक पुढे निघाली. मी उगाच खांबाला हात लावला. तो थरथरत होता.

मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"आई, चल की!"

"थांब. जाऊ दे आधी."

तिने रिकाम्या उताराकडे पाहिलं. कोणाला, ते विचारलं नाही. खांब शांत झाला, मग आम्ही ओलांडलं.