स्पेनला न गेलेली सोलफ्रिद

मोलॉय हे बेट मासळीवर जगणारं. तिथल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात सोलफ्रिद होल्विकने उभं आयुष्य भाताची खीर ढवळण्यात घालवलं. दर शनिवारी खीर, वर साखर-दालचिनी आणि मध्ये लोण्याचा गोळा. तिने लग्न केलं नव्हतं. वडील होते तोवर त्यांचं करत राहिली, आणि ते गेल्यावर त्यांच्याच घरात, बंदराच्या वरच्या गल्लीत एकटी राहू लागली. गावात तिची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक ती खीर, आणि दुसरं म्हणजे तिची कितीही थट्टा केली तरी ती रागावत नसे. उलट चटकन उत्तर देई आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसे.

तिच्या तीन मैत्रिणी होत्या. यॉरुनचं केस कापायचं दुकान होतं आणि तोंडाची कात्री दुकानातल्या कात्रीपेक्षा धारदार होती. बॉर्गहिल्ड शाळामास्तरीण. तुरिद पोस्टाच्या खिडकीवर बसायची, कमी बोलायची, पण बोलली की सगळ्यांची हसून पुरेवाट व्हायची. दर गुरुवारी चौघी कुणाच्या तरी घरी जमत. विणकाम असे, वॉफल असत, त्यावर तपकिरी चीज असे. तिघींची घरं नवरा-मुलं-नातवंडांनी भरलेली. त्यांना गुरुवार म्हणजे जरा सुटका. सोलफ्रिदला गुरुवार म्हणजेच आठवडा, बाकीचे दिवस तिथवर पोचण्यापुरते.

दोन हजार दहा सालच्या वसंतात चौघींनी स्पेनला जायचं ठरवलं. समुद्राकाठचं घर भाड्याने घेतलं, दोन खोल्या, चार पलंग. आयत्या वेळी वृद्धाश्रमाने घोळ घातला. सोलफ्रिदच्या जागी येणारी बदली बाई गुरुवारआधी येऊ शकत नव्हती.

"मग आम्ही शनिवारी पुढे होतो," यॉरुन म्हणाली. "तू गुरुवारी मागून ये. तोवर आम्ही वाळू गरम करून ठेवतो."

सोलफ्रिद म्हणाली, "जा की. सामान उचलायला मी नाही, तेवढी तुमची फजिती होऊ दे."

शनिवारी तिघी गेल्या. जाताना आपापल्या घराच्या किल्ल्या सोलफ्रिदच्या हातात ठेवून गेल्या. नवरे सगळे मासेमारीवर नाहीतर मुलांकडे गेलेले. यॉरुनच्या मांजराला खाणं, बॉर्गहिल्डच्या खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांना पाणी, तुरिदच्या दाराशी पडणारी वर्तमानपत्रं, एवढंच काम. सोलफ्रिदने ते बुधवारपर्यंत केलं, किल्ल्या शेजारणीकडे दिल्या, आणि गुरुवारी पहाटे नवी बॅग घेऊन बर्गेनच्या बोटीत बसली. बॅगेत एक पिवळा पोहण्याचा पोशाख होता. असला पोशाख तिने शाळा सुटल्यापासून घेतला नव्हता.

बोटीतल्या टीव्हीवर बातमी चालू होती. आइसलँडमध्ये डोंगर फुटला होता, राखेचा ढग इकडे सरकत होता, विमानं बंद. तिला वाटलं, दुपारपर्यंत उघडतील. बर्गेनच्या विमानतळावर माणसं जमिनीवर बॅगा पसरून बसली होती आणि प्रत्येक पाटीवर एकच शब्द होता: रद्द. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, "कधी उघडेल ते आम्हालाही माहीत नाही. तुम्ही घरी जा, आजी."

सोलफ्रिद संध्याकाळच्या बोटीने परत आली. धक्क्यावर टपरीवाला एगिल सॉसेज भाजत होता. बॅगेकडे बघून त्याने हाक मारली, "काय सोलफ्रिद, इतक्यात आलीस स्पेनहून? ऊन मानवलं नाही वाटतं?"

"ऊन चांगलं होतं रे," ती म्हणाली. "गर्दीच फार."

धक्क्यावरचे सगळे हसले. तीही हसली आणि बॅग ओढत चढण चढून घरी गेली.

त्या रात्री फोन आला. तिकडे तिघी एकाच फोनभोवती जमल्या होत्या.

"कुठवर आलीस गं?" यॉरुनने विचारलं.

"माझ्या स्वयंपाकघरात."

तिकडे जो हशा फुटला तो थांबेना. "अगं बाई!" यॉरुन धापा टाकत म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावाबाहेर पाय टाकलास आणि तिकडे डोंगर फुटला! तू आपली खीर ढवळत बस बाई. तू हललीस की पृथ्वी हलते."

"आणि त्या डोंगराचं नाव तरी काय," बॉर्गहिल्ड म्हणाली. "मी म्हणून दाखवते. यॉरुनने म्हणून बघितलं तर तिची कवळी सूपमध्ये पडली."

"तुमचे हाल होत असतील ना गं?" सोलफ्रिदने विचारलं. "आता तुम्हीही अडकलात."

"काय सांगू," तुरिद संथपणे म्हणाली. "सकाळी पाण्यात अडकतो, दुपारी सावलीत अडकतो. आज तर तीनदा आइस्क्रीम खावं लागलं. घरी कळव, आम्ही धीराने घेतोय म्हणून."

"रविवारी चर्चमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगते."

"सांग, सांग. डोंगर लवकर विझू नये म्हणून सांग!"

मग यॉरुन म्हणाली, "तुझा पलंग आहे हो अजून तसाच. ओले टॉवेल टाकतो आम्ही त्यावर. बिचारा रिकामाच होता." पुन्हा सगळ्या हसल्या. सोलफ्रिदही हसली. फोन ठेवल्यावर तिला फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. ती नेहमीचीच होती, पण इतकी मोठी तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वृद्धाश्रमात गेली. घरी बसून काय करायचं, त्यापेक्षा कामावर लागू, असा तिचा विचार. पण तिच्या चुलीपुढे बदली बाई उभी होती, तिचाच पट्ट्यांचा एप्रन लावून. "तुम्ही रजेवर ना?" ती प्रेमानेच म्हणाली. "जा, आराम करा. सगळं नीट चाललंय." आणि नीट चाललंच होतं. खालच्या दिवाणखान्यातून काट्याचमच्यांचे आवाज येत होते. कुणी सोलफ्रिदची आठवण काढल्याचं ऐकू आलं नाही.

तिने शेजारणीकडून किल्ल्या परत आणल्या. मग तोच तिचा दिवस झाला. आधी यॉरुनकडे, मग बॉर्गहिल्डकडे, मग तुरिदकडे. तिन्ही घरांत ती किती गुरुवार बसली असेल त्याचा हिशेब नव्हता, पण ती घरं अशी गप्प तिने कधी पाहिली नव्हती. बॉर्गहिल्डच्या रोपांना पाणी घालून झालं तरी ती उगीच माती चाचपत राही. तुरिदकडची वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावी. बाहेर आभाळ निळंशार होतं. त्या राखेपायी अर्धं जग थांबलं होतं, पण मोलॉयात कुणाला ती चिमूटभरसुद्धा दिसली नाही. फक्त वर विमानांच्या पांढऱ्या रेघा उमटत नव्हत्या. तेवढं सोलफ्रिदच्या ध्यानात आलं, कारण आता ती सारखी वर बघे.

आणि रविवारी मांजर हरवलं.

यॉरुनचं ते मांजर काळं, गळ्याखाली बड्या धर्मगुरूसारखा पांढरा पट्टा असलेलं, म्हणून त्याचं नाव बिशप. सकाळी ताटली भरलेलीच, दाराची झडप उघडी. सोलफ्रिदने घर पालथं घातलं, तळघर पाहिलं, मग कोट चढवून बाहेर पडली. होड्यांच्या शेडांमधून, जाळ्यांच्या ढिगांमागून, मासळीच्या कारखान्याच्या आवारातून हाका मारत चालली, "बिशप! ए बिशप! ये रे बाळा!"

पुलाच्या तोंडाशी नवा तरुण पाद्री सायकलवरून उतरला. त्याने टोपी नीट केली आणि गंभीरपणे म्हणाला, "बाई, बिशप इथे नसतात हो. ते बर्गेनला असतात. आणि सध्या तर विमानंही बंद आहेत."

सोलफ्रिद बघतच राहिली. मग तिला असं हसू आलं की पुलाचा कठडा धरावा लागला. पाद्रीबुवाही घाबरत घाबरत हसले. मांजर आहे हे कळल्यावर त्यांनी थोडा वेळ तिच्याबरोबर हाकाही मारल्या, पण चर्चमध्ये बाप्तिस्मा होता, ते गेले.

घरी येईपर्यंत ती तो प्रसंग मनात घोळवत होती. कुठे थांबायचं, पाद्र्याचा आवाज कसा काढायचा, सगळं तिने बसवलं. आजवर मैत्रिणींच्या गमतींना ती उत्तरं देत आली होती. स्वतःची अशी पुरी गंमत तिला पहिल्यांदाच मिळाली होती. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ती सांगायची तर मांजर हरवल्याचं सांगावं लागणार.

संध्याकाळी फोन आलाच. "बिशप कसा आहे?" यॉरुनने विचारलं. "दे बरं त्याला फोन. दोन शब्द बोलते."

"झोपलाय," सोलफ्रिद म्हणाली.

"आळशी मेला! आम्ही आज पॅडलच्या होडीत बसलो होतो. बॉर्गहिल्डचा तोल गेला, आणि ती पाण्यात, आणि तुरिद म्हणते कशी..." पुढचं हसण्यात वाहून गेलं. सोलफ्रिदने कान लावून वाट पाहिली, पण तुरिद काय म्हणाली ते कुणी सांगितलंच नाही.

त्या रात्री ती यॉरुनकडेच थांबली. झडपेसमोर खुर्ची घेऊन, अंगावर कोट तसाच. उजाडताना मांजर आलं. पोट तट्ट फुगलेलं, मिशांना खवले चिकटलेले. तिच्याकडे न बघताच ते आत शिरलं. सोलफ्रिदने त्याला उचलून छातीशी धरलं, आणि ते सुटायची धडपड करू लागलं तरी बराच वेळ सोडलं नाही.

विमानांची वाट बघून तिघी कंटाळल्या. शेवटी बसने निघाल्या. स्पेन, फ्रान्स, जर्मनी, डेन्मार्क, मग जहाज, पुन्हा बस. त्या आल्या तेव्हा सोलफ्रिद वॉफलचा डबा घेऊन थांब्यावर उभी होती. तिघी खाली उतरल्या त्याच मुळी हसत. नाकाची सालं निघालेली, पाय सुजलेले. यॉरुनने फ्रान्समधल्या शहराचं नुसतं नाव घेतलं, "लियोन!", आणि तिघी एकमेकींच्या अंगावर रेलल्या.

"काय झालं लियोनला?" सोलफ्रिदने विचारलं.

"अगं, एक पेट्रोल पंप... नाही, आधी तो ड्रायव्हर..." बॉर्गहिल्डने डोळे पुसले. "जाऊ दे. सांगून मजा नाही. तू तिथे असायला हवी होतीस."

"इथेही एक गंमत झाली," सोलफ्रिद म्हणाली. "मी पुलाजवळ होते, तर तो नवा पाद्री..."

"थांब, थांब, पाद्र्यावरून आठवलं!" यॉरुन ओरडली. "हाम्बुर्गचा तो टकल्या!" आणि पुन्हा हशा. सोलफ्रिदने डब्याचं झाकण उघडलं आणि वॉफल वाटले.

शरदात चौघींनी मिळून जायचं ठरलं होतं. पण बॉर्गहिल्डच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. पुढच्या वर्षी यॉरुनला नातू झाला. मग विषय मागे पडला. त्या बसच्या गोष्टी मात्र दर गुरुवारी निघत. ऐकून ऐकून सोलफ्रिदला रस्ता पाठ झाला. कुठे सॉसेज कच्चे निघाले, कुठे यॉरुनला शौचालयात ठेवूनच बस सुटली, सगळं. हसायचं कुठे तेही तिला ठाऊक झालं, तरी ती जरा मागाहूनच हसे.

वर्षं गेली. यॉरुन वारली. बॉर्गहिल्डला विसर पडू लागला आणि ती वृद्धाश्रमात राहायला आली. सोलफ्रिद तेव्हा निवृत्त झालेली होती, ती आणि तुरिद भेटायला जात. एका गुरुवारी बॉर्गहिल्ड नव्या परिचारिकेला राखेची गोष्ट सांगत होती. "आम्ही चौघी होतो," ती म्हणाली. "ही सोलफ्रिद अख्खी जर्मनी माझ्या खांद्यावर झोपली. खांदा मोडला माझा!"

तुरिदने वर पाहिलं. सोलफ्रिदने आधी एकदोनदा दुरुस्त केलं होतं, पण मग बॉर्गहिल्ड कावरीबावरी होई, रडू लागे. म्हणून आज ती म्हणाली, "झोपू नको तर काय करू? तुझ्या घोरण्याने सगळा फ्रान्स जागून काढला होता मी."

बॉर्गहिल्ड खदखदून हसली. परिचारिकाही हसली. सोलफ्रिदला पहिल्यांदाच वेळेवर हसता आलं.

बाहेर पडल्यावर दोघी उतार उतरू लागल्या. तुरिद काठी टेकत चालत होती. "चला," ती म्हणाली, "अखेर बसलीस एकदाची बसमध्ये."

"हो. जागा कुठे मिळाली ते विचारू नकोस."

थोडं पुढे गेल्यावर तुरिद आपल्या संथ आवाजात म्हणाली, "गंमत बघ. तेव्हा आम्ही तुझ्यासाठी गुरुवारपर्यंत थांबलो असतो ना, तर कुठलं स्पेन नि कुठलं काय. चौघीही इथेच अडकलो असतो!" आणि आपल्याच विनोदावर ती खुसुखुसू हसली.

सोलफ्रिद हसली नाही. चालतही नव्हती.

"काय गं?"

"काही नाही. खरंच की, अडकलो असतो."

"चल घरी माझ्या. कॉड मासा आणलाय. एकटीने काय जेवतेस?"

"आज नको," सोलफ्रिद म्हणाली. तुरिदचं बोलावणं तिने कधी मोडलं नव्हतं. तुरिदने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या दंडावर हात दाबला आणि आपल्या गल्लीकडे वळली.

घरी येऊन सोलफ्रिदने कोट न काढताच स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली. तो राखेचा गुरुवार, आणि चौघी इथेच अडकलेल्या. चौघींनाही रजा. बॅगा भरलेल्या, जायला कुठे नाही. यॉरुन दारात उभी, डोक्यावर उन्हाची टोपी, आइसलँडला शिव्या घालतेय. बॉर्गहिल्ड रेडिओ लावून सगळ्यांना गप्प बसवतेय. तुरिद खिडकीपाशी. शुक्रवारी पुन्हा आल्यात, शनिवारीही, कारण दुसरं करायचं तरी काय. ती एकेकीला बसवत गेली, कुणाला कुठे ऊन लागेल ते बघून. बंदरातून कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा वाजला, तरी तिचं काही ठरत नव्हतं. रविवारी सगळ्यांना घेऊन दीपगृहाकडे जावं, की घरीच खीर करावी?