आजोबांनी विचारलेला प्रश्न

मंडळी, घाईघाईत लिहितेय, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

दुपारी लेकीचा फोन आला. ती पायलटचं ट्रेनिंग घेतेय. "आई, मी ठीक आहे," हे पहिलंच वाक्य ऐकून मी काय झालं ते खोदून विचारलं. लँडिंग करताना विमान वळवायचं पेडल अडकलं. ते छोटंसं विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलं, पंख वाकला. हिला फक्त खरचटलं.

मी ओरडलेच, "बस्स झालं! आत्ताच्या आत्ता घरी ये, कोपरीला!"

स्पीकरवर सगळं ऐकणाऱ्या सासऱ्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. जन्मभर खाडीत होडी चालवलेला माणूस.

"सुकाणू अडकला? मंग काय केलास?"

"इंजिन बंद केलं, आजोबा."

"बरा केलास. आता परत वर कवा जाशील?"

इतका वेळ शहाण्यासारखी बोलणारी पोर तेव्हा कुठे रडली. नाक ओढत म्हणाली, "तपासणी झाली की लगेच."

सासऱ्यांवर संध्याकाळपर्यंत धुमसत होते. पण खरं सांगू? तिच्या आवाजात जीव आला तो त्यांच्या प्रश्नाने.

मघाशी मेसेज केलाय तिला, "पुन्हा उडशील तेव्हा मीही येणार. खाली उभी राहीन."

तुम्ही असता तर आधी काय म्हणाला असता, 'ये' की 'जा'?