दोन खाटांएवढं शेत

शेवंतामावशींनी पहिल्या भेटीत मला नाव, गाव, जात यांतलं काहीच विचारलं नाही. कुंपणाच्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "अंगणात माती हाय का समदी फरशीच?" आम्ही बदलीवर नाशिकहून लातूरला नुकतेच आलो होतो. फरशीच आहे, मी म्हटलं. "मग राहता तरी कसं?" एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा. मला रागच आला. संध्याकाळी त्यांनी फुटक्या बादलीत माती भरून भिंतीवर आणून ठेवली, तेव्हा कुठे तो गेला.

त्यांच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा होती. तिला त्या शेत म्हणत, थट्टेने नव्हे, अगदी सरळ. दसरा झाला की मेथी, चुका, करडईची भाजी, मुळे यांचे वाफे पडत आणि भिंतीकडेला वालाचा वेल चढे. धने पायरीवर पसरून त्या चपलेने रगडत, एकाचे दोन होईपर्यंत. माझी कोथिंबीर उगवेना म्हणून मी बोटाने माती उकरून बघायची. "रोज उघडून बघू नका, त्याला लाज वाटती," त्या म्हणत. मी पाईप हातात घेतला की, "पाणी पाजा, आंघोळ कशाला घालायलात?" लातुरात नळाची वाट बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा शेताला जाई.

हा सगळा खटाटोप येळवशीसाठी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर ओस पडतं. जो तो आपल्या शेतात कडब्याची खोप करून पूजा करतो, पिकांवर आंबील शिंपडतो आणि तिथेच बसून बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांबरोबर भज्जी खातो, तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे घातलेली भाजी. मावशींचं शेत दिरांच्या वाट्याला गेलेलं. एका येळवशीला तिथे जेवायला बसल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "पाव्हण्यांना आधी वाढा," आणि मावशी ताटावरून उठल्या. "जिथं मी जलमभर खुरपलं तिथं मी पाव्हणी?" तेव्हापासून त्यांची येळवस घरामागे. वेलाखाली हातभर उंचीची खोप, आत पूजेचे पाच खडे, आणि जेवायला आम्ही, बिनशेताचे लोक.

मागच्या दिवाळीनंतर त्यांचं हृदय थकलं. खाट त्यांनी मागच्या दाराशी लावून घेतली होती. एक दिवस मला जवळ बसवून म्हणाल्या, "मी येळवशीआधी गेले तर घरच्यांना सुतक पडंल. तुमाला न्हाई पडत. माझं शेत बिनपूजेचं ठेवू नका."

"काहीतरीच काय बोलता, मावशी."

"काहीतरी न्हाई. कामाचं बोलायले."

अमावस्या तोंडावर आली असतानाच त्या गेल्या.

येळवशीच्या सकाळी गल्लीतल्या जीपा, रिक्षा माणसं भरभरून निघून गेल्या. मावशींच्या सुनेने मागचं दार उघडून दिलं आणि ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. वेलावरच्या शेंगा खुडून मी भज्जी माझ्या घरी केली, ती जरा खाली लागली. खोप दोनदा कोसळली. पूजेतलं मला ओ की ठो येत नव्हतं. सून आतून सांगत गेली, मी करत गेले. वाफ्यांवर आंबील शिंपडताना मात्र रडू आवरेना. माझी आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

मागच्या बोळातून दूधवाला चालला होता. मला घरी बघून त्याला नवल वाटलं असावं.

"काकू, शेताला न्हाई गेलात का?"

"शेतातच हाय की," मी म्हटलं आणि मेथीच्या वाफ्याकडे वळले.